मधपेटीचा कोट

टेलरमास्तरांच्या हातचा कोट घालून आजवर एकही गिऱ्हाईक थंडीने आजारी पडलेलं नव्हतं. हे मास्तर स्वतःच सांगत, दिवसातून दोनदा, आणि समोरचं गिऱ्हाईक नवं असेल तर तीनदा. त्यावर त्यांची बायको म्हणायची, आजारी पडणार कसं, कोट हातात पडेपर्यंत थंडी संपलेली असते.

दोघांचंही खरं होतं. मास्तरांच्या हातात कसब होतं, पण तारखेशी त्यांचं पहिल्यापासून वाकडं. "कधी मिळेल?" असं कुणी विचारलं की विचार न करता त्यांच्या तोंडून एकच शब्द निघे, "परवा." तो परवा आला की त्याच्या पुढचा परवा असे. गिऱ्हाइकं चिडत, दुकानात येऊन बसत, पुन्हा पाऊल ठेवणार नाही म्हणत आणि पुढच्या वर्षी कापड घेऊन हजर होत. कारण मास्तरांचं शिवण आतून पाहिलं तरी बाहेरून पाहिल्यासारखंच दिसे. एक धागा लोंबताना सापडायचा नाही. "बाहेरून कुणीही नटतं हो," मास्तर म्हणत. "कपडा उलटा करून बघा, म्हणजे कळेल शिंपी कोण आहे ते."

एकच माणूस असा होता जो एकदा गेला तो परत आला नाही. दुर्दैवाने तो मास्तरांचा सासरा होता.

झालं होतं असं. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने लग्नात घालायच्या कोटाचं कापड होणाऱ्या जावयाकडे दिलं. कधी मिळेल म्हणून विचारलं. जावयाने सांगितलं, परवा. लग्नाच्या दिवशी सासरे शेजाऱ्याचा कोट मागून आणून उभे राहिले, आणि शेजारी होता चणीने लहान. त्या दिवसाचा फोटो अजून मास्तरांच्या घरात, पुढच्या खोलीतल्या दुकानाच्या भिंतीवर आहे. नवरा झकास, नवरी झकास आणि बाजूला नवरीचे वडील, बाह्या कोपरापासून चार बोटं खाली येऊन थांबलेल्या. त्यांचा खरा कोट तयार झाला तिसऱ्या महिन्यात. तो न्यायला कुणी आलं नाही. तेव्हापासून सासरे कपडे शिवायला टाकत ते स्टेशनजवळच्या एका शिंप्याकडे. तो जेमतेमच शिवायचा, पण शब्दाला जागायचा. जावयाशी बोलणं अगदी गोड, सगळं अहो-जाहो, सगळं "जावईबापू". कापड मात्र वीतभरसुद्धा नाही.

मास्तर हे कुणाला बोलून दाखवत नसत, पण त्यांना ते सलायचं. गावातल्या डॉक्टरांपासून बॅंडवाल्यांपर्यंत सगळे आपल्या हातचं घालतात, आणि घरचा माणूस बाहेर शिवतो!

सासऱ्यांनी चाळीस वर्षं मधमाश्या पाळल्या होत्या. गुडघे कुरकुरायला लागले तशा त्यांनी पेट्या एकेक करून देऊन टाकल्या. शेवटची एक उरली, सगळ्यात जुन्या वंशाची. ती त्यांनी गेल्या वर्षी, थंडी सुरू व्हायच्या आधी, लेकीला दिली. लेक माश्यांमध्येच वाढलेली, तेव्हा दिली तिला, पण अंगण पडलं जावयाचं. पेटी ठेवून झाल्यावर सासरे निघता निघता म्हणाले, "हिवाळा वाईट असतो, जावईबापू. पेटीला काहीतरी पांघरूण लागेल. तुम्हाला जमेल तेव्हा बघा."

ते "जमेल तेव्हा" मास्तरांच्या वर्मी लागलं. त्यांनी हातातली सगळी कामं बाजूला सारली, टेप काढली, पेटीची मापं घेतली आणि दोन दिवसांत कोट उभा केला. पांघरूण नव्हे, कोट! बाहेरून जाड लोकरी कापड, आतून अस्तर, मधे तीन थर कापूस. समोर पाच बटणं. मागे कट, कारण कोटाला कट असतोच. माश्यांच्या जाण्यायेण्याच्या फटीशी त्यांनी एक लांबट काज केलं, रेशमी दोऱ्याने, एकेक टाका मोजून. बायको म्हणाली, सव्वीस वर्षांत वेळेवर मिळालेला हा पहिला कोट, आणि तो घालायला माणूस नाही.

सासऱ्यांनी फोनवरून बजावलं होतं की हिवाळाभर पेटीला हात लावायचा नाही. हिवाळा सरल्यावर पहिली उबदार दुपार आली की ते स्वतः येतील आणि मगच उघडायची. माश्या जगल्यात का ते उघडण्याआधीही कळतं, असंही ते म्हणाले होते. पेटीवर बोटाने टकटक करायची आणि कान लावायचा. आतून गुणगुण आली की समजायचं, जिवंत आहेत.

मास्तरांनी ती गोष्ट लक्षात ठेवली आणि हिवाळाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. थंडीत एकेकांच्या पेट्याच्या पेट्या मरतात, पण आमच्या पेटीला काही होणार नाही, आमच्या पेटीला कोट आहे. काही गिऱ्हाइकांना त्यांनी अंगणात नेऊन तो दाखवलासुद्धा. ती गिऱ्हाइकं कोटाकडे जरा हेव्याने बघत, कारण त्यांचे अजून व्हायचे होते.

आणि एक दिवस ती दुपार आली. म्हणजे दुपार यायच्या आधी, सकाळी आठलाच, सासऱ्यांचा फोन आला. आज ऊन आहे, वारा नाही, मी एकच्या बसने येतो.

नेमका तोच दिवस बॅंडवाल्या साहेबांचा होता. गावातल्या नव्या सभागृहात संध्याकाळी सहाला त्यांच्या बॅंडचा कार्यक्रम होता, आणि चौदा वादकांचे चौदा पांढरे कोट मास्तरांकडे होते. चार परवा होऊन गेले होते. या वेळी मात्र मास्तरांनी काम पुरं केलं होतं. फक्त कापडावर खडूच्या खुणा राहिल्या होत्या, म्हणून त्यांनी सकाळीच चौदाही कोट पाण्यातून काढले आणि अंगणात तीन दोऱ्या बांधून ओळीने वाळत घालायची तयारी केली. बायको टपालकचेरीत कामाला. तिची अर्ध्या दिवसाची पाळी होती, एकला सुटणार होती. ती दारातून निघता निघता म्हणाली, "अहो, आज ऊन पडलंय. आज अंगणात काही वाळत घालू नका."

मास्तरांच्या ओठांत पाच टाचण्या होत्या. ते म्हणाले, "हं."

सव्वीस वर्षांच्या संसारात या "हं"ने काय काय केलं आहे ते वेगळं सांगायला नको. ती गेली. मास्तर मनाशी म्हणाले, ऊन असतानाच तर कपडे वाळत घालतात, ही बाई कधीकधी काहीच्या बाही बोलते. आणि त्यांनी चौदा कोट दोरीवर चढवले. पांढरेशुभ्र. अंगण उजळून निघालं.

अकरा वाजता त्यांना राहवेना. म्हटलं, बाबा यायच्या आत एकदा कान लावून बघू. ते पेटीपाशी गेले, कोटावर बोटाने टकटक केली आणि कान लावला.

काही नाही.

त्यांनी जरा जोरात टकटक केली. काही नाही. दुसऱ्या बाजूने केली, मागून केली, पाची बटणांच्या मधे मधे केली. आत सामसूम. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. काजासमोरच्या फळीवर आणि तिच्या खाली मेलेल्या माश्या पडल्या होत्या. त्यांनी मोजल्या. एकतीस.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तिथेच उलट्या बादलीवर बसले. चाळीस वर्षं सांभाळलेला वंश सासऱ्यांनी आपल्या अंगणात आणून ठेवला आणि तो एका हिवाळ्यात संपला. तो म्हातारा दुखरे गुडघे धरून बसमधून उतरेल. येईल, विचारेल, आणि आपण काय सांगणार? कोटाची शेखी तर गावभर मिरवून झाली होती. त्यांना खरोखर रडू यायला लागलं, आणि ते शेखीसाठी नव्हतं.

पण शिंप्याची जात, फाटलं की ठिगळ शोधणार. मास्तरांची नजर खिडकीतून आत गेली. तिथे मोटारीचं शिलाई मशीन होतं. हातात उचलून नेण्यासारखं, आणि पायडल दाबलं की मोठ्या सुरात घूंऽऽ करणारं. सासऱ्यांना अलीकडे जरा कमी ऐकू यायचं. मास्तरांनी विचार केला, आज फक्त त्यांना गुणगुण ऐकवायची. म्हणायचं, बाबा, अजून गारठा आहे, उघडायला नको, पुढच्या आठवड्यात बघू. ते समाधानाने घरी जातील. मग हळूहळू, दोनतीन फोनमध्ये, वाईट बातमी द्यायची. म्हणजे मास्तरांनी मरणाचीही तारीख परवावर टाकली होती!

मशीन पेटीच्या मागे स्टुलावर आलं. वायर खिडकीतून आत गेली. मशीनवर उरलेल्या कापडाचा ढीग पडला आणि पायडल गवतात लपलं. स्टूल पेटीखालच्या लाकडी घोडीला टेकवावं लागलं, नाहीतर ते डुगडुगत होतं. मास्तरांनी एकदा पायडल दाबून पाहिलं. पेटी छान गुणगुणली. त्यांना स्वतःलाही क्षणभर खरं वाटलं.

सव्वा वाजता फाटक वाजलं. सासरे आले, आणि त्यांच्या पाठोपाठ बॅंडवाले साहेब. आज कोट घेतल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही असं ठरवूनच ते निघाले होते. बसथांब्यावर दोघांची गाठ पडली होती आणि वाटभर त्यांनी मास्तरांच्या तारखांविषयी बोलून मन मोकळं केलं होतं. साहेबांनी दोरीवरचे चौदा कोट पाहिले आणि त्यांचा चेहरा फुलला. "मास्तर, मी तुमच्याबद्दल वाईटसाईट बोललो, ते मागे घेतो," ते म्हणाले.

सासरे कोटांकडे न बघता सरळ पेटीकडे गेले. ऊन आता थेट तिच्यावर आलं होतं. त्यांनी लोकरी कापडाला हात लावला, एक बटण चाचपलं. मग ते वाकले आणि कान लावला. मास्तर पेटीमागे उभे राहिले, तोंडावर हसू आणि पाय पायडलवर.

पेटी गुणगुणली. सासरे ऐकत राहिले. मास्तरांनी पाय सोडला, पुन्हा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तीस वर्षांची सवय. पाय काही सरळ एका दमात चालेना.

"जावईबापू," सासरे कान न काढता म्हणाले, "मी चाळीस वर्षं माश्या ऐकल्या. श्वास घेतल्यासारखं थांबत थांबत गुणगुणणाऱ्या माश्या मी ऐकल्या नाहीत. या आत काय करतायत? बाही जोडतायत?"

मास्तरांची पाचावर धारण बसली. त्यांनी घाबरून पाय आणखी दाबला, आणि मशीन अशा जोरात सुटलं की स्टूल थरथरलं, घोडी थरथरली आणि पेटी थरथरली. मास्तरांनी पाय उचलला. मशीन थांबलं.

गुणगुण थांबली नाही.

काजातून एक माशी बाहेर आली. फळीवर उभी राहिली, मिशा पुसल्या, उडाली. मग दोन. मग दहा. मग मास्तरांनी एकेक टाका मोजून केलेल्या त्या काजातून माश्यांची धारच लागली. त्या अंगणावर गोल गोल फिरायला लागल्या, सोनेरी, उन्हात चमकत. त्यातल्या एकीने मास्तरांच्या उजव्या कानाच्या पाळीला कडकडून डंख केला. तोच कान, सकाळी पेटीला लावलेला.

"जिवंत आहेत!" मास्तर ओरडले. "बाबा, चावली! जिवंत आहेत हो!" कान धरून ते अंगणात अक्षरशः नाचले. आयुष्यात डंखाचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

सासरे मात्र पेटीमागे गेले होते. त्यांनी कापडाचा ढीग उचलला आणि मशीनकडे बघत राहिले. मास्तर नाचायचे थांबले.

"मला वाटलं मेल्या," ते खाली मान घालून म्हणाले. "मी टकटक केली, आवाज आला नाही. दारात एकतीस मेलेल्या होत्या. तुम्हाला सांगायचं धाडस होईना, बाबा. तुम्ही एवढ्या विश्वासाने ठेवलं होतं."

सासऱ्यांनी पेटीच्या कोटावर टकटक केली. फुस्स. तीन थर कापूस. "गादीवर टकटक करून आत कोण आहे विचारलंत," ते म्हणाले. "आणि मेलेल्या माश्या स्वतःच्या पायांनी दाराबाहेर येत नाहीत. आतल्या जिवंत माश्यांनी त्यांना बाहेर आणून टाकलंय."

मास्तर यावर काही बोलणार, तोच मागून एक विचित्र आवाज आला. बॅंडवाले साहेब तुतारीत फुंकर अडकल्यासारखे उभे होते. त्यांचं बोट दोरीकडे होतं.

पहिल्या कोटाच्या खांद्यावर एक पिवळा ठिपका होता. बघता बघता दुसरा पडला. तिसरा कॉलरवर. माश्या कोटांवरून गोल फिरत होत्या आणि ठिपके टपटपत होते, बारीक, लांबट, हळदीसारखे पिवळे. चौदा कोटांपैकी एकही सुटला नाही.

नेमक्या त्याच वेळी फाटकातून बायको आली. तिने आधी आकाशाकडे पाहिलं, मग दोरीकडे, मग नवऱ्याकडे. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हे. ती शांतपणे म्हणाली, "मी सकाळी काय सांगितलं होतं?"

मग तिने साहेबांना समजावून सांगितलं. मधमाश्या फार स्वच्छ असतात. घरात घाण करत नाहीत. सगळा हिवाळा, तीन तीन महिने, पोटात धरून बसतात आणि पहिलं ऊन पडलं की सगळ्या एकदम बाहेर येऊन मोकळ्या होतात. पांढऱ्या कपड्यांवर तर हमखास. साहेबांना मधमाश्यांच्या स्वच्छतेचं फारसं कौतुक वाटलं नाही. ते बादलीवर बसले. "सहा वाजता पडदा उघडायचाय," एवढंच ते म्हणाले.

मास्तरांचा जीव कोटांकडे ओढत होता, पण सासऱ्यांनी हात वर केला. तीननंतर गारवा येतो, पेटी आत्ताच उघडायला हवी, कोट कुठे पळत नाहीत. लेक शेजारी उभी राहिली. मास्तरांनी पाच बटणं काढली आणि कोट उतरवला. सासऱ्यांनी झाकण हळूच उचललं आणि त्याची आतली बाजू तळहाताने पुसून पाहिली. कोरडी होती. त्यांनी पुन्हा पुसली.

"हिवाळ्यात माश्या थंडीने कमी मरतात आणि ओलीने जास्त," ते म्हणाले. "त्यांच्याच श्वासाची वाफ वर साचते आणि अंगावर ठिबकते. इथे थेंब नाही. तो मागचा कट कशासाठी ठेवलात?"

"कोटाला कट असतोच," मास्तर म्हणाले.

"त्या कटातून वाफ बाहेर गेली."

मास्तरांनी मान अशी हलवली की जणू कट त्यांनी वाफेसाठीच ठेवला होता.

सासऱ्यांनी उघड्या हातांनी पोळ्याची कडेची चौकट उचलली. ती अजून मधाने जड होती. मधली उचलली, उन्हाकडे धरली आणि लेकीला दाखवली. मेणाच्या घरांच्या तळाशी दोऱ्याच्या तुकड्यांएवढी पांढरी अंडी उभी होती. म्हणजे राणी होती, कामाला लागली होती, आणि वंश पुढे चालणार होता. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "शाबास," ते म्हणाले.

मास्तरांची छाती फुगली. सव्वीस वर्षं ते या शब्दाची वाट बघत होते.

"शाबास, पोरींनो," सासऱ्यांनी चौकटीवरच्या माश्यांना म्हटलं आणि ती जागेवर ठेवली.

मास्तरांनी छाती पुन्हा होती तिथे आणली आणि ते कोटांकडे वळले. अडीच वाजले होते. बायकोने सांगितलं की थंड पाण्यात भिजवले तर डाग जातील, पण सहाच्या आत वाळणार नाहीत. साहेब म्हणाले की मग संपलंच. मास्तरांनी एक कोट दोरीवरून काढला, पुढून पाहिला, मागून पाहिला आणि मग सवयीने उलटा केला.

आत गडद निळं अस्तर. गुळगुळीत, चकचकीत. एक धागा लोंबत नव्हता. शिवणी आतूनही बाहेरच्यासारख्या सरळ. माश्यांचा एकही ठिपका त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

मास्तर कोटाकडे बघत राहिले. आयुष्यभर ते लोकांना कपडा उलटा करून बघा म्हणत आले होते. आज उलटाच घालायची वेळ आली होती.

चौदा कोट, प्रत्येकी पाच बटणं, सत्तर बटणं काढून दुसऱ्या बाजूला लावायची. खिशांची तोंडं, कॉलरची दुमड, सगळं बदलायचं. मास्तर टेबलाला बसले. बायकोने बटणं उसवायला घेतली. बॅंडवाले साहेब इस्त्रीला उभे राहिले, कारण रिकामं बसलं की त्यांना रडू येत होतं. आणि कुणी न सांगता सासऱ्यांनी स्टूल ओढलं, चष्मा लावला आणि सुया ओवून द्यायला सुरुवात केली. पहिल्या चारपाच सुया त्यांनी नुसत्या ओवून दिल्या. मग ते हातातल्या कोटाच्या शिवणीवरून अंगठा फिरवायला लागले. एका कोटाची बाही त्यांनी तीनदा उलटसुलट करून पाहिली. मास्तरांना ते कळत होतं, पण मान वर करायला वेळ नव्हता. कान बटाट्याएवढा सुजला होता आणि सुई पळत होती.

पावणेसहाला चौदावा कोट तयार झाला. चौदा निळे कोट, चंदेरी बटणं. साहेबांनी स्वतःचा अंगात घातला, आरशात पाहिलं, पाठ वळवून पाहिली. मग म्हणाले, "हे पांढऱ्यापेक्षा चांगले दिसतात हो." आत पाठीवर काहीतरी खरखरतंय अशी त्यांची तक्रार होती, पण ते काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ती पुढे वाढवली नाही. गठ्ठा काखेत मारून ते पळत सुटले. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ज्या दिवशी हवे त्याच दिवशी, हव्या त्या वेळेच्या आत त्यांच्या दुकानातून माणसाचे कोट बाहेर पडले होते. ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांना स्वतःचा इतका अभिमान वाटला की कानाचं दुखणंही विसरले.

दुकानात तिघेच उरले. सासरे अजून स्टुलावर होते. पेटीचा कोट त्यांच्या मांडीवर होता. त्यांनी तो उलटा केला, अस्तरावरून हात फिरवला, रेशमी काजावर बोट ठेवलं.

"माझा तो कोट," ते एकदम म्हणाले. "लग्नातला. त्याचं काय केलंत?"

बायको चपापली. मास्तर उठले. आतल्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात टोकाला, मलमलीच्या पिशवीत तो टांगलेला होता. दर वर्षी ते त्याला ऊन देत आणि कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या बदलत. हे बायकोलाही माहीत नव्हतं. त्यांनी तो आणून सासऱ्यांच्या अंगावर चढवला. रंग तसाच होता, धागा तसाच होता. सव्वीस वर्षांत फक्त सासरे जरा लहान झाले होते. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या.

सासरे भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते, कोपराजवळ थांबलेल्या बाह्यांकडे. मग त्यांनी आरशात पाहिलं आणि ते हसायला लागले. लेकही हसायला लागली. हसता हसता म्हाताऱ्याने डोळे पुसले, ते बाहीनेच पुसले, कारण ती हाताला आलीच होती.

"शिवलायस मात्र फार सुंदर," ते म्हणाले. "बाह्या तेवढ्या दोन बोटं आखूड कर. कधी देशील?"

शिवलायस. देशील. सव्वीस वर्षांचं जावईबापू आणि अहो-जाहो एका वाक्यात गळून पडलं होतं. बाबा, आत्ता देतो, इथे उभ्या उभ्या देतो, असं मास्तरांना म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"परवा," ते म्हणाले.

बायकोने कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी जावयाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी कोट काढून नीट घडी करून टेबलावर ठेवला, आपली पिशवी खुंटीला अडकवली आणि पुन्हा स्टुलावर बसले.

"हरकत नाही," ते म्हणाले. "परवापर्यंत मी इथेच राहतो."

आज त्याला अकरा दिवस झाले. माश्या उत्तम आहेत.